थंडीच्या दिवसांत मुलांच्या हाताला काम द्या

दिवाळी सरली आणि पहाटे अंगावर दुलई ओढावीशी वाटू लागली, की माझ्या दवाखान्यातील बाकावर एक ठरलेले दृश्य दिसते. आईच्या मांडीवर तीन-चार वर्षांचे मूल. अंगात दोन सदरे, त्यावर दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि वरून मफलर. आतून मूल घामाने भिजलेले आणि नाकाखाली दोन धारा. आई सांगते, "डॉक्टरसाहेब, थंडी सुरू झाल्यापासून याला अंगणातसुद्धा सोडलं नाही. दारं-खिडक्या बंद. तरी सर्दी काही हटत नाही बघा."

"मग दिवसभर घरात करतो काय?"

"काय करणार? टीव्ही बघतो, नाही तर मोबाइल."

अशा वेळी मी औषध लिहून देतो, पण खरे औषध चिठ्ठीवर लिहिता येत नाही, म्हणून आजचा हा लेख. अडीच ते सहा वर्षांच्या, म्हणजे बालवाडीच्या वयाच्या मुलांनी हिवाळ्यात दिवसभर करायचे काय आणि त्याचा त्यांच्या आरोग्याशी संबंध काय, हा आजचा विषय आहे. सुरुवात मात्र मला माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल.

माझा एक चुकलेला सल्ला

गोष्ट साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. पौषातली कडाक्याची थंडी होती. सकाळी सातच्या सुमारास एक बाई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन धावत आल्या. मुलीच्या उजव्या मनगटावर आणि हातावर फोड आले होते आणि त्यावर टूथपेस्ट लिंपलेली होती. आईने चुलीवरचे कढत पाणी बादलीत ओतले आणि विसणासाठी थंड पाणी आणायला त्या वळल्या. तेवढ्यात आईला मदत करावी म्हणून मुलीने तांब्या घेऊन बादलीत हात घातला होता.

मी जखम धुतली, मलमपट्टी केली आणि त्या माउलीला चार माणसांत चांगलेच फैलावर घेतले. म्हणालो, "लहान मुलांना कामाच्या आसपास फिरकू देऊ नका. पाणी नको, चूल नको, काही नको. एका जागी बसवून ठेवा." त्या मुकाट्याने मान हलवून गेल्या. जखम महिनाभरात बरी झाली. आपण योग्य तेच सांगितले, असे मला वाटत होते.

पुढच्या हिवाळ्यात तीच मुलगी पुन्हा आली. या वेळी ताप, पोटात दुखणे आणि लघवीला जळजळ. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. महिन्याभरात हा दुसऱ्यांदा झाला होता. आईबरोबर या वेळी तिच्या बालवाडीच्या बाईही आल्या होत्या. त्यांनी सांगितले, "डॉक्टरसाहेब, ही शाळेत तीन-चार तास लघवीच करत नाही. थंडीमुळे फ्रॉकच्या आत पायजमा असतो. घसरू नये म्हणून आई नाडीला निरगाठ मारते. हिला ती सुटत नाही आणि सांगायची लाज वाटते. एकदा कपडे ओले झाले, मुलं हसली. तेव्हापासून ही पाणीच पीत नाही."

मी आईकडे पाहिले. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना, हिला कशाला हात लावू देऊ नका म्हणून. वर्षभर सगळं मीच करते. भरवते मी, कपडे घालते मी, नाकसुद्धा मीच पुसते."

पाणी कमी पिणे आणि लघवी अडवून धरणे ही लहान मुलींमधील लघवीच्या जंतुसंसर्गाची मोठी कारणे आहेत. त्या पोरीच्या दुखण्याला माझा सल्लाही जबाबदार होता. तिला पुन्हा भाजले नाही हे खरे, पण पाच वर्षांची मुलगी स्वतःची नाडी सोडू शकत नव्हती. निघताना बालवाडीच्या बाई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, गरम पाण्यापासून लांब राहा असं तिला सगळे सांगतात. गरम पाणी ओळखायचं कसं, हे तिला कोणी दाखवलं का?"

त्या मॉन्टेसोरी पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या होत्या. एका सकाळी सवड काढून मी त्यांच्या बालवाडीत जाऊन बसलो.

नाक पुसण्याचा धडा

पत्र्याची एक लांबट खोली आणि समोर अंगण. मुले अंगणात कोवळ्या उन्हात सतरंजीवर बसली होती. बाईंनी कमरेचा स्वच्छ रुमाल काढला आणि एक शब्द न बोलता तो सावकाश उलगडला. एक नाकपुडी बोटाने दाबली, दुसरीतून हलकेच शिंकरले. मग दुसरी बाजू. रुमालाची घडी आतल्या बाजूने केली आणि उठून साबणाने हात धुतले. बस्स, एवढाच धडा. तीस मुले टक लावून पाहत होती. नंतर एकेकाने तसेच करून पाहिले. हसणे नाही, चिडवणे नाही.

मला आश्चर्य वाटले. त्यावर बाईंनी मला या धड्याचे मूळ सांगितले. मारिया मॉन्टेसोरी या मुळात माझ्याच व्यवसायातल्या. १८९६ साली त्या रोममध्ये डॉक्टर झाल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत त्यांनी पहिले 'बालगृह' सुरू केले. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा धडा दिला. मुलांना हसू येईल असे त्यांना वाटले होते, पण धडा संपताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॉन्टेसोरीबाईंनी आपल्या पुस्तकात याचे कारण सांगितले आहे. शेंबडावरून मुलांना सतत बोलणी खावी लागतात, कमीपणा सोसावा लागतो, पण नाक पुसायचे कसे हे त्यांना शांतपणे कोणीच दाखवलेले नसते. ते कोणीतरी दाखवले, याचाच त्यांना आनंद झाला.

वाचकहो, हे ऐकले आणि मला माझा दवाखाना आठवला. 'शी, नाक पूस', 'सांडू नकोस', 'लवकर आटप' ही वाक्ये मी रोज पन्नास वेळा ऐकतो. रागावतो आपण सगळेच. दाखवतो किती जण?

मॉन्टेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या. मद्रासजवळच्या अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम इथेच राहिला. त्याच्याही आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी हे काम महाराष्ट्रात आणले. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, पाने, माती, काड्या अशा भोवतालच्या वस्तूंचीच त्यांनी साधने केली. तेव्हा आमच्याकडे मॉन्टेसोरी शाळा नाही, अशी खंत कोणी करू नये. हिवाळ्यात आपल्या घरात आणि अंगणात जे असते, त्यावर अशी बालवाडी भरू शकते.

दाखवायचे कसे?

बाईंकडून मी चार नियम शिकलो. तेच पुढे माझ्या पेशंटांच्या आयांना सांगत आलो.

पहिला नियम असा की वस्तू मुलाच्या हाताला पेलणारी हवी. मोठ्या बादलीऐवजी लहान डबा, घागरीऐवजी लोटी. स्वेटर अडकवायची खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर ठोकावी.

दुसरा नियम, एका वेळी एकच काम दाखवावे, नेहमीच्या निम्म्या वेगाने आणि तोंड बंद ठेवून. आपण बोलत राहिलो की मूल आपल्या तोंडाकडे पाहते, हाताकडे पाहत नाही.

तिसरा, मूल काम करू लागले की मध्ये पडू नये. चुकले तरी त्याला पुन्हा करू द्यावे. सांडले तर ओरडू नये, जवळच एक फडके ठेवावे. पुसणे हाही कामाचाच भाग आहे.

चौथा नियम, काम खरे असावे. खोटी भातुकली मुलाला आवडतेच, पण त्याने निवडलेली मेथी रात्री भाजीत पडली याचा आनंद त्याला जास्त असतो.

सकाळ : पांघरूण, स्वेटर आणि आंघोळ

उठल्यावर स्वतःच्या पांघरुणाची घडी करणे हे दिवसाचे पहिले काम. गोधडी जड वाटत असेल तर लहान चादर द्यावी. टोकाला टोक जुळवताना डोळा आणि हात यांचा मेळ बसतो आणि भूमितीचा पहिला धडाही मिळतो.

पुढून उघडणारा स्वेटर मुलाला स्वतः घालता यावा यासाठी एक सोपी युक्ती आहे. स्वेटर जमिनीवर उताणा उघडून पसरावा आणि त्याचा गळा मुलाच्या पायांकडे ठेवावा. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालावेत आणि स्वेटर डोक्यावरून मागे टाकावा. तो आपोआप पाठीवर बसतो. तीन वर्षांचे मूल हे दोन दिवसांत शिकते. बटणे लावताना खालच्या बटणापासून सुरुवात करावी, कारण खालचे बटण आणि त्याचे काज मुलाला नीट दिसते. वरून सुरुवात केली तर शेवटी एक बटण उरतेच. नाडी असेल तर निरगाठ कधीही मारू नये, सुरगाठ मारावी आणि ती ओढून सोडायला शिकवावे. जमत नसेल तोवर इलॅस्टिकचा पायजमा घालावा. हा सल्ला मी अनुभवाने देतो आहे.

कपडे किती घालावेत? साधा हिशेब असा की आपल्याला जेवढे लागतात त्याहून एक थर जास्त. मुलाच्या मानेमागे हात घालून पाहावा. तिथे घाम असेल तर एक स्वेटर काढावा. खेळून घामाघूम झालेल्या मुलाचे कपडे ओले राहिले तर त्याला नंतर जास्त थंडी वाजते.

आंघोळीच्या पाण्याचा धडा तर प्रत्येक घरात द्यायलाच हवा. बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात गरम पाणी, हा क्रम घरातल्या सर्वांनी पाळावा. मुलासमोर मोठ्या माणसाने आधी बादलीवर हात धरून वाफ लागते का ते पाहावे. मग पाण्यात स्वतःचे कोपर बुडवावे. कोपराला पाणी कोमट लागले, की मगच मुलाला तसे करू द्यावे. मोठ्यांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, एवढा एक नियम मुलाला तोंडपाठ असावा.

दुपार : मेथी, शेंगा आणि सावली

हिवाळ्याचा बाजार म्हणजे मुलांच्या हातांची शाळाच. अडीच-तीन वर्षांच्या मुलापुढे मेथीची जुडी ठेवावी. पान खुडून पातेल्यात, काडी सुपात. चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मोठ्यांनी शेजारी बसून मटार आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला द्याव्यात. शेंग दाबताना अंगठा आणि दोन बोटे यांची जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. एक दाण्याच्या शेंगा, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या असे वेगवेगळे ढीग केले की मोजणीही होते. पाटीवर अंक गिरवण्याआधी संख्या हाताला कळलेली असते.

धान्य ओतण्याचे काम द्यायचे तर आधी कोरडी ज्वारी एका वाटीतून दुसरीत ओतू द्यावी. ते सांडेनासे झाले की पाणी द्यावे. परात खाली ठेवली म्हणजे पसारा होत नाही.

उन्हातली एक गंमत मुलांना फार आवडते. अंगणात एक काठी रोवावी आणि सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सावली सरकते आणि आखूड होते, हे मूल स्वतः पाहते. डिसेंबरअखेर आपल्याकडे भरदुपारीसुद्धा सावली जवळजवळ काठीच्या उंचीइतकी असते. मे महिन्यात पुन्हा पाहायला सांगावे, तेव्हा ती पायाशी आलेली असते. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेला कललेला असतो, हे मोठेपणी भूगोलात वाचताना त्याला ती काठी आठवेल.

खोबरेल तेलाची बाटली हेही एक उत्तम साधन आहे. थंडीत तेल थिजते. बाटली उन्हात ठेवली की तासाभरात पातळ होते. 'का?' असे मुलाने विचारले तर घाईने उत्तर देऊ नये. 'सावलीत ठेवून बघ' म्हणावे. ते पातळ झालेले तेल मुलाने स्वतःच्या हातापायांना चोळावे. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असताना तेल लावले तर अंग फुटत नाही. पहाटेचे गवतावरचे दव बोटाने टिपणे, तोंडातून निघणारी वाफ पाहणे, वाळलेली पाने लहान खराट्याने एका जागी लोटणे, या सर्व गोष्टी फुकट आहेत.

हे सगळे बाहेर करायचे? होय, बाहेरच. सर्दी विषाणूंमुळे होते. थंड हवेने किंवा केळे खाल्ल्याने ती होत नाही. दारे-खिडक्या बंद असलेल्या कोंदट खोलीत एक खोकला की दहा जणांना प्रसाद मिळतो. या वयाच्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे, त्यात अशक्तपणा शोधू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन केले आहे. त्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला किमान एक तास धावण्या-खेळण्याचा असावा. टीव्ही-मोबाइल सर्व मिळून एक तासापेक्षा जास्त नसावा आणि झोप दहा ते तेरा तास व्हावी. पहाटेचे धुके ओसरले आणि ऊन अंगणात आले, की मुलाला बाहेर सोडावे.

भोगी, संक्रांत आणि बोरन्हाण

भोगीच्या भाजीतली गाजरे धुणे, बाजरीच्या भाकरीवर तीळ पेरणे, तिळगुळाचे लाडू डब्यात मोजून भरणे ही कामे मुले आवडीने करतात. तीळ, शेंगदाण्याचे कूट आणि गूळ हा खाऊ बाजारच्या चॉकलेटपेक्षा केव्हाही चांगला. मात्र गुळाचा पाक हे मोठ्यांचेच काम आहे. पाक त्वचेला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. लाडू वळायला मुलाला बोलवायचे ते मिश्रण कोमट झाल्यावरच.

बोरन्हाणाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. लहानग्याला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हलवा, शेंगा ओतायच्या आणि बाळगोपाळांनी त्या लुटायच्या, हा सोहळा फार गोड आहे. पण लुटलेले बोर किंवा हलव्याचा कडक दाणा धावता-हसताना तोंडात गेला तर तो श्वासनलिकेत अडकू शकतो. बोरन्हाणात चुरमुरे भरपूर घ्यावेत, बोरे मोठ्यांनी वेचून बाजूला ठेवावीत आणि नंतर बी काढून, बसवून खायला द्यावीत. सोहळा तसाच राहतो आणि धोका टळतो.

या तीन गोष्टींत हयगय नको

मुलाला काम द्या असे मी सांगतो, याचा अर्थ त्याला एकटे सोडा असा नाही. हिवाळ्यात तीन अपघात हमखास होतात.

१) भाजणे. कढत पाण्याची बादली, हीटरची कांडी आणि पेटलेली चूल यांच्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. हीटरची कांडी बादलीत असताना न्हाणीघराला बाहेरून कडी असावी. भाजलेच तर भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बांगडी, दोरा, ओले कपडे लगेच काढावेत, मात्र त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. उरलेले अंग कोरड्या कपड्यात गुंडाळावे, म्हणजे मूल गारठणार नाही. नंतर भाजलेल्या जागेवर स्वच्छ कापड सैल टाकून दवाखान्यात आणावे. मुलाच्या तळहाताहून मोठी जागा भाजली असेल किंवा चेहरा, हात, पाय, जननेंद्रिये यांना इजा असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

२) घशात अडकणे. अख्खे शेंगदाणे, हरभरे, फुटाणे, बोराची बी या वस्तू पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना खायला देऊ नयेत. दाणे सोलू द्यावेत, पण खायला कूट द्यावे. मटाराचे दाणे नाकात घालण्याची हौसही याच वयात असते. घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांमध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने वस्तू निघाली नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत-वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल बेशुद्ध पडून श्वास घेत नसेल तर त्याला जमिनीवर उताणे ठेवून छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे ताबडतोब सुरू करावे. तोंडात वस्तू दिसत नसताना बोट घालू नये, ती आणखी आत जाते. ठसका लागून नंतर थांबला, पण त्या दिवसापासून खोकला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तरी तपासून घ्यावे. दाणा आत अडकलेला असू शकतो.

३) बंद खोलीतील धूर. उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून कधीही झोपू नये. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर झरोका उघडा हवा. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

सर्दी असताना मुलाला बालवाडीत पाठवावे का? नुसते नाक वाहत असेल आणि मूल खेळत-जेवत असेल तर हरकत नाही, सोबत रुमाल आणि हात धुण्याची सवय मात्र हवी. ताप असेल तर घरी ठेवावे. मूल शांत असताना त्याचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात ते चाळीस किंवा त्याहून जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये.

दहा मिनिटांचा प्रश्न

आया मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे सगळं पटतं, पण सकाळी वेळ कुणाला आहे? स्वतः बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात. मी लावते तर अर्धं मिनिट." खरे आहे. कामावर जाणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, डबे करणाऱ्या बाईला दहा मिनिटे मोठी असतात. म्हणून सगळी कामे एकदम सुरू करू नयेत. एका आठवड्याला एकच काम. सकाळी घाई असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर स्वेटर काढण्याचे काम मुलाचे. लावण्यापेक्षा काढणे सोपे असते, सुरुवात तिथून करावी. बाबा आणि आजोबा यांनीही यात हात लावावा. मेथी निवडण्याला वयाची आणि पुरुषपणाची अट नाही.

त्या मुलीचे काय झाले ते सांगायचे राहिले. औषधाने जंतुसंसर्ग गेला. बाईंनी शाळेत लाकडी चौकटीवर नाड्या बांधून तिला सुरगाठ सोडायला शिकवली, घरी आईने पायजम्याला इलॅस्टिक घातले. तीन आठवड्यांत ती स्वतः जाऊ लागली आणि पाणी पिऊ लागली. पुढे तो त्रास तिला झाल्याचे माझ्या कानावर आले नाही.

गेल्या आठवड्यात एक तरुण आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मी नाव विचारणार, तेवढ्यात तिच्या उजव्या मनगटावरची फिकट खूण दिसली आणि ओळख पटली. मुलाला साधी सर्दी होती. छाती तपासण्यासाठी स्वेटर काढायला सांगितला, त्याने तो काढला. तपासून झाल्यावर तो स्टुलावर बसून खालच्या बटणापासून एकेक बटण लावू लागला. बाहेर पंधरा-वीस पेशंट बसलेले. सवयीने माझा हात त्याच्या स्वेटरकडे गेला.

आई म्हणाली, "राहू द्या डॉक्टरकाका, तो लावतो."

मी हात मागे घेतला. पाच बटणांना चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांत बाहेरच्या कोणाचे काही बिघडले नाही.

(पुढील आठवड्यात : थंडीत भेगाळणाऱ्या टाचा आणि कोरडी त्वचा)